पाळीच्या रक्ताचा रंग काय सांगतो?

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

"ताई, या खेपेला काळं काळंच जातंय. पिशवी तर सडली नसेल ना?" हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं विचारत नाही. बैठक संपली की कानाशी येऊन विचारतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

विळीवर बोट कापलं तर रक्त लालभडक येतं. तेच फडक्याला लागून राहिलं तर दुसऱ्या दिवशी काळपट दिसतं. रक्त तेच, वेळ गेला म्हणून रंग बदलला. पाळीचंही तसंच आहे. जोरात जातं तेव्हा लाल दिसतं. सुरुवातीला आणि शेवटी हळूहळू येतं, आत थोडं थांबतं, म्हणून तपकिरी किंवा काळपट दिसतं. पांढऱ्या पाण्यात मिसळलं तर गुलाबी दिसतं. अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या बाईला मध्येच तपकिरी डाग पडू शकतात. यात सडलेलं काही नाही, आणि ते घाणेरडं रक्तही नाही.

मग दवाखान्यात कधी जायचं? नीट ऐका.

रक्त ७ दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासा-दोन तासाला घडी किंवा पॅड भिजत असेल, १० रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, तर दाखवा. चक्कर, धाप, थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर अंगात रक्त कमी आहे. हे नुसत्या रंगावरून कळत नाही, तपासावंच लागतं.

अंगावरून राखाडी किंवा हिरवट जातंय, घाण वास येतोय, खाज आहे, ओटीपोट दुखतंय, तर जंतुसंसर्ग असू शकतो. तो औषधानं बरा होतो.

संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला, तर थांबू नका. रंग कोणताही असो, गर्भाशयाच्या तोंडाची आणि पिशवीची तपासणी करून घ्या. कॅन्सर लवकर सापडला तर उपचार होतात.

आणि पाळी चुकलेली असताना रक्त गेलं, पोटात जोराची कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

हे सगळं का सांगतेय? बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कामाचा खाडा परवडत नाही, आणि त्यात कुणी म्हणतं, "ठेवली तर कॅन्सर होईल". घाबरलेली बाई लगेच हो म्हणते.

पिशवी काढावी लागण्याचे आजार आहेत, नाही असं नाही. पण नुसतं काळं रक्त किंवा पांढरं जाणं हे त्याचं कारण नव्हे. कुणी ऑपरेशन सांगितलं तर विचारा, "नेमका आजार काय? सोनोग्राफीत काय दिसलं? गोळ्यांनी भागेल का?" मग कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर कमी वयातच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून तेही आधीच विचारा.

शेवटचं एक काम. घरातल्या कॅलेंडरवर पाळी आली ती तारीख आणि गेली ती तारीख, दोन्हींवर खूण करा. डॉक्टरांना तेवढ्यावरूनही बरंच कळतं. एकटीला जायला संकोच वाटला तर आशाताईला सोबत घ्या, जाऊबाईला घ्या, गटातल्या मैत्रिणीला घ्या. पण जा.

आणि पुढच्या बैठकीत हा प्रश्न कानात नको, मोठ्यानं विचारा. नमस्कार.