लांबचा डोंगर हिरवा नसतो
(मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

मागच्या प्रदर्शनात आपल्या गटाची पाच चित्रं नेली आणि पाचही परत आली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "शाळेतल्या पोरांनी काढली का?" हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. रंगाला पैसे गटाच्या बचतीतून गेले होते, आणि मी नुसतं "छान जमतंय, काढा" म्हणत राहिले. चूक माझी. मी समाजकार्य शिकले, चित्रकला नाही.

म्हणून एका सरांकडे शिकायला बसले. त्यांनी पहिल्या दिवशी ब्रश दिलाच नाही. म्हणाले, बाहेर बघ.

आता तुम्ही बघा. बांधावरची बाभूळ गडद, तिची फांदी न् फांदी दिसते. मागच्या डोंगरावरही झाडंच आहेत, पण तो दिसतो निळसर, राखाडी. मधे हवा आहे, तिच्यात धूळ आणि बाष्प. आपण डोंगराला बाटलीतला हिरवा फासला, म्हणून तो अंगावर आला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी बसून रंगवायचे, ते असंच बघून.

आधी आभाळ, खाली येताना फिकट करत. मग लांबचा डोंगर: निळ्यात भरपूर पांढरा, किंचित तांबडा. अलीकडचा डोंगर थोडा गडद. मग शेत, आणि शेवटी जवळची झाडं. पोस्टर कलरमध्ये वरचा रंग खालचा झाकतो, म्हणून मागून पुढे यायचं. हिरवा घरीच करा, पिवळ्यात निळा घालून. डोळ्यात खुपला तर तांबडा घाला, पण मिठासारखा, चिमूटभरच.

आता गाई. आपल्या चित्रात लांबची गाय जवळच्या गाईएवढीच होती! सपाट रानात आपण उभ्या असलो की क्षितिजाची रेघ आपल्या डोळ्यांच्या उंचीला येते. गाय आपल्यापेक्षा बुटकी, म्हणून तिची पाठ रेघेच्या खालीच राहते, जवळ असो की लांब. लांबची गाय लहान काढा आणि तिचे पाय कागदावर वर सरकवा. मला हे कळायला तीन रविवार लागले, तुम्हाला लागले तर लाजू नका.

येत्या गुरुवारी चार वाजता तळ्याकाठी या, ऊन तिरपं असतं तेव्हा सावल्या नीट दिसतात. परत आलेली पाचही चित्रं घेऊन या, त्यांच्यावरच डोंगर पुन्हा रंगवू. रंगाच्या खर्चाची वही मी आणते.