लहान गाडीचे शॉकअप आणि आपले रस्ते



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर आम्ही वर्षभर बोलतच असतो आणि ऐकणारेही बहुधा तेच ते असतात. आज आम्ही लहान, चपळ मोटारगाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप यांवर बोलणार आहोत. हसू नका. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला ही विद्या कोणी शिकवली, असे कोणी विचारील. ती डंपरने शिकवली.

उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवणाऱ्यांच्या पाठीचे दुखणे तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आहे. डंपरच्या आसनासाठी आम्ही भांडत होतो, तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारले, "तुम्हांला कंपनातले काय कळते?" उत्तर देता आले नाही. लाज वाटली म्हणून वाचनालय गाठले आणि शब्दकोश उशाशी घेऊन पुस्तके वाचली. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळा वरखाली होणारा कंप सर्वांत जास्त बाधतो, हे तेव्हा कळले. कामगाराच्या अंगात दिवसभरात किती कंप जावा याला युरोपीय संघाने २००२ साली कायद्याने मर्यादा घातली, हेही कळले. आसनाचे भांडण पुष्कळ लांबले; ते आज काढत नाही.

आता गाडीकडे येतो. आमच्या युनियनमधल्या एका ठेकेदारी कामगाराने जुनी लहान गाडी घेतली. इंजिन जोरकस, पोरगा हौशी. त्याने कारखान्याच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठ स्प्रिंगा घातल्या, गाडी ४० मिलिमीटर खाली आणली आणि आम्हांला चंद्रपूरच्या गुळगुळीत रस्त्यावरून फिरवले. "भाऊ, पाहा न, रस्त्याले कशी चिकटून चालते!" आम्ही शाबासकी दिली. ती शाबासकी आम्हांला आजही सलते.

त्याच पावसाळ्यात आलापल्लीला सभा होती. सभा संपत आली तोच ट्रकच्या फाळक्यात हात सापडलेल्या एका कामगाराला आणले गेले. चंद्रपूरला नेणे भाग होते आणि हाताशी तीच गाडी होती. सूरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी त्या बाजूचा रस्ता कसा केला आहे, हे येथे सांगावयास नको. प्रत्येक खड्ड्याला मागच्या आसनावरून ओरडणे ऐकू येई. लगामच्या पुढे खड्ड्याच्या काठावर गाडीचे पोट आपटले, तेलाचे चेंबर फुटले आणि गाडी तेथेच थांबली. तासाभराने एका ट्रकवाल्याने त्याला उचलले. दोन बोटे गेली. वेळेत पोचलो असतो तर ती वाचली असती काय, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पोरगा म्हणाला, गाडी विकतो. आम्ही म्हणालो, विकू नको. आधी चूक कोठे झाली ते पाहू. वेगाची आवड हा गुन्हा नाही. कामगाराच्या मुलाने चांगली गाडी हौसेने चालवली तर आम्हांला आनंदच आहे.

चूक समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. शॉकअप त्या धक्क्याची तेलात घुसळण करून उष्णता बनवतो. स्प्रिंग एकटी असेल तर गाडी डोलतच राहील. स्प्रिंग ३० टक्के ताठ केली, तर डोलण्याचा वेग सुमारे १४ टक्के वाढतो आणि तो आवरायला शॉकअपही तितका दमदार लागतो. आमच्या पोराने स्प्रिंगा बदलल्या आणि शॉकअप जुनेच ठेवले. शिवाय गाडी खाली आणली म्हणजे चाकाला वर सरकायला जी जागा होती तीच कापली. ती जागा संपली की गाडी रबराच्या ठोकळ्यावर आदळते आणि तेथून पुढे स्प्रिंग असून नसल्यासारखी होते.

जुनी जीप चालवणाऱ्यांना हे निराळ्या रूपात ठाऊक आहे. ओझे पेलावे म्हणून मागे एक पाटा वाढवतात. मग रिकामी जीप बेडकासारखी उड्या मारते. उडी मारलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. चपळपणा येतो तो टायर जमिनीवर टेकून राहिल्याने.

शर्यतवाल्यांना हे केव्हाच कळले आहे. पूर्व आफ्रिकेत १९५३ साली सफारी शर्यत सुरू झाली. चिखल, दगड आणि नाले यांतून जाणारी ही शर्यत १९७१ आणि १९७३ साली डॅटसन २४०झेड या स्पोर्ट गाडीने जिंकली. तसल्या वाटेवर धावायच्या गाड्यांना पोटाखाली जागा ठेवतात आणि चाकांना भरपूर सरकू देतात. आमची पोरे मात्र चित्रात पाहतात ती डांबरी गोल रिंगणावरची गाडी, आणि तिची नक्कल एटापल्लीच्या रस्त्यावर करतात.

आपल्या दोन जिल्ह्यांत रस्त्याचे दुखणेही एक नाही. वरोरा-राजुराकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. तेथे गाडी संथपणे वर उचलली जाते व खाली बसते. ती परत उसळू नये म्हणून शॉकअपचा ओढ घट्ट हवा. पूर्वेकडे खड्ड्यांच्या कडा धारदार. तेथे चाक एकाएकी वर फेकले जाते आणि त्या क्षणी शॉकअपने वाट द्यावयास हवी. फार कडक शॉकअप तो ठोसा थेट पाठीच्या कण्यावर देतो. म्हणून "सर्वांत कडक तो सर्वांत चांगला" असे सांगणाऱ्या दुकानदारापासून दूर राहावे.

मग आम्ही काय निवडले? कारखान्याच्या उंचीच्याच स्प्रिंगा. शॉकअप दुहेरी नळीचे, गॅस भरलेले. एकेरी नळीचे उष्णता चांगली टाकतात, आणि आपल्या मे महिन्यात तो गुण मोठा आहे; पण दगडाने नळीला पोचा पडला की आतला दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीत बाहेरच्या पोच्याने बहुधा बिघडत नाही. आटे फिरवून उंची कमीजास्त करण्याचे महाग संच पोराला फार आवडले होते. आमच्या चिखलात ते आटे गंजून जाम होतात, म्हणून नको म्हटले. टायरही १८५/६० चेच ठेवले. त्यांची भिंत १११ मिलिमीटरची असते. शोभेच्या २१५/४५ ची ९७ भरते. ते १४ मिलिमीटर रबर खड्ड्यात रिमला वाचवते. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. वाहनात असा बदल करू नये की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या तपशिलाशी जुळेनासा होईल. विम्याचा दावा करताना हे कलम आठवते, तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि बुश! यावर कोणी बोलतच नाही. खालच्या आर्मचे रबरी बुश, वरचे माउंटिंग, लिंक रॉड हे झिजले की गाडी खडखडते आणि दोष शॉकअपच्या माथी येतो. जुन्या गाडीत पहिला पैसा येथे घालावा. बुशाचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर टांगून आवळला तर जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. आमच्या मिस्त्रीने टांगूनच आवळले होते. आम्ही ते सैल करावयास लावले. तो वैतागून म्हणाला, "भाऊ, युनियन तिकडे कॉलनीत चालवा न." पण त्याने बोल्ट सैल केले, गाडी खाली घेतली, पुन्हा आवळले, आणि मग अलाइनमेंट करून दिले.

हिवाळ्यात आम्ही त्याच गाडीने आलापल्लीला गेलो. परतताना बोटे गेलेला तो सहकारी मागच्या आसनावर होता. रस्ता पावसाळ्यातलाच, खड्डेही तेच. लगाम मागे पडले, आष्टीचा पूल आला, आणि गोंडपिपरीला चहासाठी थांबलो तेव्हा त्याला हलवून उठवावे लागले.