जाड तार, बारीक तार आणि मधला सांधा

गिरगावातील जुन्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतील वाड्यांत भिंतीच्या माथ्याने गेलेली, आत दोन खाचा आणि वर झाकणपट्टी असलेली सागवानी केसिंग-कॅपिंग जेथे अजून शिल्लक आहे, तेथे ती उघडली असता दिव्यांसाठी ओढलेली १/१८ मापाची तार पुष्कळदा हाती लागते. या मापातील पहिला आकडा तारेच्या पदरांचा आणि दुसरा पदराच्या गेजचा. गेजचा आकडा चढेल तशी तार बारीक होत जाते. खोलीत एक दिवा, फार तर एक पंखा, एवढ्या बेताने केलेली ती तजवीज त्या काळी पुरेशी होती. पुढे इस्त्री आली, फ्रीज आला, गीझर आला. त्यांच्यासाठी ७/२० ची जाड तार बाजारातून आणली गेली, आणि सबंध भिंत फोडण्याचा खर्च व खोळंबा टाळावा म्हणून ती जुन्या बारीक तारेला मध्येच कोठेतरी जोडण्याचा रिवाज घरोघर पडला.

वायरमन पकडीने घालतो त्या पिळाच्या सांध्याचे कूळ तारायंत्राच्या काळापर्यंत जाते. अमेरिकेत रूढ झालेल्या ‘वेस्टर्न युनियन’ सांध्यात दोन्ही तारांची टोके परस्परांभोवती आवळून गुंडाळीत, आणि खांबाखांबांमधील ओढ बसेल तसा तो पीळ अधिकच घट्ट होई. परंतु या कौशल्याचा सारा आधार दोन्ही तारा सारख्या जाडीच्या असण्यावर होता. घरात जाड तारेशी बारीक तार पिळली की बारीक तार निमूटपणे वळसे घेते, जाड तार ताठच राहते, आणि दोहोंचा स्पर्श मोजक्या बिंदूंपुरता उरतो. जुने जाणते कारागीर म्हणूनच दोन्ही तारा चाकूने लख्ख खरवडून, बारीक तारेचे वेढे जाड तारेवर दाटीने घेऊन, जाड तारेचे टोक त्या वेढ्यांवर उलटे दुमडून, राळ लावून डाख देत आणि मगच वर रबरी पट्टी गुंडाळीत. त्या निगुतीच्या कामाविषयी मला नितांत आदर वाटतो. घाईने मारलेला पीळ आणि त्यावर काळी टेप एवढ्यावर आज जे भागविले जाते, त्याला सांधा म्हणणेही मला मान्य नाही.

याचे कारण जूलच्या नियमात आहे. रोध तोच असता प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ढिल्या सांध्यात अवघा ०.१ ओहम रोध उरला आणि त्यातून १५ अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे साडेबावीस वॉट उष्णता सतत निर्माण होते. डाख वितळविणारे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे गिलाव्याआड काय चालले असेल याची कल्पना येईल. तांब्याच्या टंचाईच्या काळात बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळणे तर त्याहून घातक, कारण अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर प्रवाहाला अडवितो आणि दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने सांधा आतून खाल्ला जातो.

आजच्या कनेक्टरांनी काम सुलभ केले आहे, पण एकाच स्क्रूखाली दोन असमान तारा कोंबल्या तर स्क्रूचा दाब जाड तारेवर पडतो आणि बारीक तार सैल राहते. प्रत्येक तारेला स्वतंत्र पकड असलेला कनेक्टर घ्यावा, आणि सांधा भिंतीत गाडून न टाकता झाकण उघडून पाहता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये ठेवावा.

सांधा कितीही उत्तम झाला, तरी बारीक तार जाड होत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत, चार चौरस मिलिमीटरच्या तारेच्या मानाने, तेवढ्याच प्रवाहाने अडीच पटींहून अधिक उष्णता निर्माण होते. जाड तार पाहून बसविलेला २५ अँपिअरचा एमसीबी पुढच्या दीडच्या तारेचे रक्षण करणार नाही. एमसीबी किंवा फ्यूजची तार मार्गातील सर्वांत बारीक तारेच्या मापाने ठरवावी, आणि तेवढ्यात गीझर चालत नसेल तर त्याच्यासाठी मुख्य बोर्डापासून नवी, अखंड तार ओढावी.

श्रोतेहो, आपल्या घरात दुरुस्ती निघाली की परवानाधारक तारतंत्र्यालाच बोलवा, आणि त्याला प्रत्येक सांध्याची जागा दाखवावयास व ती कागदावर लिहून द्यावयास सांगा.