यंत्र चावते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवसासाठी विषय कोणता घेणार, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी कपडे धुण्याच्या यंत्राचे नाव काढले. त्या हसल्या. डाग कसे काढावेत हे मी सांगणार, असे त्यांना वाटले असावे. मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे, आणि ते सांगताना माझी एक चूकही आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एके दिवशी म्हणाल्या, "ताई, तुमचं मशीन चावतंय हो." मी उठले, यंत्राला हात लावून पाहिला, काही नाही. "भास झाला असेल मावशी," असे म्हणून मी विषय संपविला. पुढे दोन महिने मावशी यंत्राला हात लावताना पदर मध्ये धरीत. मला ते दिसत होते, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. मग एका सकाळी चपला न घालता ओल्या फरशीवर उभी राहिले आणि यंत्राच्या पत्र्याला माझा हात लागला. मुंग्या थेट कोपरापर्यंत आल्या! मावशी रोज अनवाणी काम करीत, मी सदा रबरी चपलेत. एकाच यंत्राने दोघींना दोन उत्तरे दिली होती, आणि खरे उत्तर त्यांना मिळाले होते.

वायरमनला बोलाविले. यंत्र निर्दोष निघाले. दोष होता भिंतीतल्या सॉकेटात. त्याच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. अशा यंत्रांच्या पोटात विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. तो स्वभावतःच किंचितशी वीज पत्र्याकडे सोडतो, आणि ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते. तार नसली की ती अनवाणी माणसाच्या अंगातून वाट काढते. ही वीज अल्प असते. तिने मुंग्या येतात, एवढेच. पण उद्या त्याच यंत्राचा हीटर आतून फुटला, तर पत्र्यावर पुरे २३० व्होल्ट येतील आणि जाण्याची वाट तीच राहील. म्हणजे मुंग्या ही पूर्वसूचना होती. चपला घालणे किंवा पायाखाली पाट घेणे हा तिच्यावर उपाय नव्हे. त्याने सूचना तेवढी बंद होते, धोका राहतोच.

त्या दिवसापासून यंत्र बिघडले की मी वायरमनच्या शेजारी उभी राहू लागले. वैद्य जसा "ताप केव्हा चढतो?" असे आधी विचारतो, तसा याचाही पहिला प्रश्न ठरलेला असे: "बंद केव्हा पडतं?" यंत्राची कामे क्रमाने होतात. दार लागते, पाणी भरते, पाणी तापते, पिंप फिरते, पाणी बाहेर जाते. कोणत्या क्षणी घोटाळा झाला ते सांगता आले, तर निम्मे निदान झालेच.

त्याआधी बोर्डावर कोणता खटका पडला ते पाहावे. एमसीबी पडला तर वीज प्रमाणाबाहेर ओढली गेली. आरसीसीबी पडला तर गेलेली वीज पुरती परत आली नाही, कोठेतरी गळती आहे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच पडावा असा केलेला असतो. त्यावर चाचणीचे बटण असते. ते अधूनमधून दाबून खटका पडतो की नाही ते पाहावे.

आता बटण दाबताक्षणीच खटका पडला, तर संशय दोरीवर, प्लगवर किंवा फिल्टरवर. पाणी भरून काही मिनिटांनी पडला, तर हीटरवर. अशा वेळी थंड पाण्याचा क्रम लावून पाहावा. तो निर्वेध पार पडला तर संशय पक्का होतो. पाणी सोडतानाच पडला, तर पंपावर. खटका पडत नाही आणि यंत्र सुरूही होत नाही, तर प्रथम त्याच सॉकेटात दुसरे काही लावून वीज आहे ना ते पाहावे, मग दाराच्या कुलुपाचा 'टक्' आवाज येतो का तो ऐकावा. पाणी भरते पण पिंप फिरत नाही, तर पुष्कळ जुन्या यंत्रांत मोटारीचे कार्बन झिजलेले असतात. अर्धस्वयंचलित यंत्राची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवतो, म्हणून त्याला आपण हात लावू नये.

भांडी धुण्याचे यंत्र २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडेही पुष्कळ घरांत आले. त्याचे पेटंट अमेरिकेत जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली घेतले होते, हे आपल्या मंडळात सांगितलेच पाहिजे. निदानाची रीत तीच. भांडी कोमट आणि चिकट निघाली तर हीटरकडे पाहावे. यंत्र मध्येच थांबले आणि पंप मात्र चालूच राहिला, तर पुष्कळदा तळाच्या ताटात पाणी साचून तेथील तरंगता खटका उचललेला असतो. हा बिघाड विजेचा वाटतो, पण कधी कधी त्याचे मूळ साबणात असते. हाताने भांडी घासण्याचा पातळ साबण आत घातला की फेस उतू जाऊन पाणी खाली उतरते.

दोन्ही यंत्रांचा हीटर सुमारे २००० वॉटचा असतो, म्हणजे तो जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. लहान एक्स्टेंशनवर चालविल्यास प्लग तापतो, तपकिरी होतो, जळका वास येतो. हे पाहणे, हुंगणे, ऐकणे आणि वेळ नोंदवून ठेवणे आपले काम. पाठीमागचा पत्रा उघडणे मात्र जाणकाराचे काम. आणि पत्र्यापासून मुंग्या आल्या तर यंत्र वापरणे त्याच घटकेस थांबवावे. ओल्या हाताने प्लग ओढण्याऐवजी बोर्डावरचा खटका पाडावा.

आमच्या सॉकेटाला तार जोडून घेतली तेव्हा अर्ध्या तासाचे काम निघाले. त्या अर्ध्या तासासाठी मी दोन महिने मावशींना चावू दिले, याची लाज मला आजही वाटते. "आता हात लावा," म्हटले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग यंत्राकडे, आणि हळूच बोट टेकविले. "नाही चावत," त्या म्हणाल्या, "पण ताई, तेव्हाच ऐकायचं होतं."

भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्या घरात जी अनवाणी वावरते, तिला एवढेच विचारा: यंत्र चावते का? आणि ती हो म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.