मुळशीतील ‘बाहेरचे’



विजेच्या प्रकल्पाविरुद्ध एखादे गाव उभे राहिले की सरकार आणि कंपनी यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘बाहेरचे’. गावकरी भोळेभाबडे आहेत, बाहेरच्यांनी त्यांची माथी भडकविली आहेत! कार्यकर्ते या आरोपाचा निकाल सहसा एका वाक्यात लावतात : कंपनी तरी गावातली कुठे आहे? उत्तर बिनतोड खरे, पण अपुरे. कंपनी बाहेरची ठरली म्हणून कार्यकर्ता आतला ठरत नाही. त्याचे घर बुडणार नसते, ही गोष्ट उरतेच. आणि ती लढ्यात कोठे नडते हे पाहायचे, तर शंभर वर्षे मागे, मुळशी पेट्यात जावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांना आणि पुढे रेल्वेला वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालेले होते. त्यानंतर नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडण्याची योजना आली. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती, आणि ती जमीन म्हणजे आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे. कंपनी खाजगी, नफा खाजगी. परंतु सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा तिच्या दिमतीला दिला. वीज मुंबईला, पाणी कोकणात आणि बुडणे मावळ्याच्या वाट्याला, असा हा ‘सार्वजनिक’ कामाचा हिशेब होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले व काम बंद पडले. टाटांनी सहा महिन्यांपुरते काम थांबविण्याचे मान्य केले. त्याच महिन्यात गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून टाटांना फेरविचाराचे आवाहन केले होते. पुढे काम पुन्हा सुरू झाले तेव्हा धरपकड झाली, स्त्रियाही तुरुंगात गेल्या. या लढ्याचे पुढारी म्हणून जी नावे घेतली जातात ती बव्हंशी पेट्याबाहेरची आहेत. पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे; ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना मुळशीनेच दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी पुढे या सत्याग्रहाचा वृत्तांतच लिहून ठेवला. या माणसांच्या त्यागाविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. ते नसते तर मुळशीचे गाऱ्हाणे पुण्याच्या वेशीपर्यंतही पोहोचले नसते.

तथापि पुण्याहून मुळशीला आलेले सगळेच एका जातीचे ‘बाहेरचे’ नव्हते. पेट्यातील बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि मावळा तीच जमीन कूळ म्हणून कसत होता. धरणाला विरोध करणाऱ्यांत हे जमीनमालकही होते. सभांत त्यांचा आवाज मोठा होता, वृत्तपत्रांत त्यांची ऊठबस होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यात ही गाठ नीट उकललेली आहे. मालकाला जमीन म्हणजे मालमत्ता. तिची चांगली किंमत येत असेल तर त्याचे भांडण तेथेच मिटत होते. कुळाला जमीन म्हणजे वर्षाचा भात, वैरण, गाव आणि गावचा देव. त्याचे भांडण मोबदल्याच्या आकड्याने मिटणारे नव्हते, कारण मोबदला कागदावर नाव असणाऱ्याला मिळणार आणि कागदावर त्याचे नावच नव्हते. लढा ‘धरण नको’ येथून ‘भाव किती’ येथे कधी सरकला, हे सभांच्या गर्दीत अनेकांच्या लक्षातही आले नसेल. सावकारांनी वाटाघाटी केल्या आणि पाठिंबा ओसरला.

बापट मात्र मागे हटले नाहीत. येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे; सेनापतींविषयीच्या आदरापोटी ती टाळली जाते. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी शस्त्रानिशी अडविली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. निष्ठा तळपली, यात संशय नाही. परंतु तोवर सामुदायिक लढा मोडला होता, अनेकांनी निरुपायाने पैसे घेतले होते, आणि गाडीपुढे उभे राहण्याचा निर्णय आता गावाचा उरला नव्हता. एका बाजूचे बाहेरचे गावाला न विचारता तडजोड करून गेले, दुसऱ्या बाजूचे एकटेच पुढे गेले. पहिल्यांचा दोष स्वार्थाचा, दुसऱ्यांचा फार तर अधीरतेचा. दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण गाव दोन्ही वेळा मागेच राहिले. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. विस्थापितांचे पुनर्वसन करण्याची सक्ती कोणावर नव्हती. ज्याला जेथे जमले तेथे तो गेला, काही जण वरच्या डोंगराला चढले.

हेच भांडण सुमारे साठ वर्षांनी नर्मदेच्या काठी उभे राहिले. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे येत होती, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील. लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा दिला. म्हणजे ही गावे मुख्यतः विजेपायीच बुडायची होती. मेधा पाटकर व त्यांचे सहकारी तेथे गेले तेव्हा ‘बाहेरचे’ हा शब्द पुन्हा निघाला. मणिबेलीच्या सत्याग्रहाची, जागतिक बँकेने १९९३ मध्ये काढून घेतलेल्या कर्जाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. छायाचित्रेही त्याचीच निघाली. परंतु मुळशीशी तुलना करायची तर नजर दुसरीकडे वळवावी लागेल.

निवाड्यात जमिनीला जमीन आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानण्याची तरतूद होती. मात्र डोंगरउतारावरची नेवाडाची शेती पिढ्यान्‌पिढ्या कसूनही सरकारच्या लेखी वनखात्याची होती. मुळशीच्या कुळासारखाच येथील आदिवासी कागदावर नव्हता. तेव्हा ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ या दोन शब्दांशी झगडत बसणे, पाड्या-पाड्यावर जाऊन कोण कोणते नेवाड कसतो याच्या याद्या गावाच्या बैठकीत वाचून दाखविणे, तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत त्याच नावांचा पाठपुरावा करणे, हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे चालले. कुणी बुडीत क्षेत्रात ठाण मांडले, तर कुणी जमीन पाहून तळोद्याकडच्या वसाहतीत गेले. गेलेल्याला फितूर म्हणण्याचा मोह बाहेरच्या माणसाला सहज होतो. त्याच्या पायाखाली पाणी येत नसते, म्हणून तो अधिक होतो. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरणाला वाट मोकळी करून दिली. त्यानंतरही जमिनीचे दावे शिल्लक होते, आणि ज्यांची नावे यादीत चढली होती त्यांनाच ते पुढे रेटता येत होते.