गादी घेताना: फोम की स्प्रिंग?

गादी एकदा घेतली की पुढची कितीतरी वर्षं तिच्यावरच पाठ टेकायची असते, म्हणून दुकानात जाण्याआधी थोडं समजून घेऊ.

मेमरी फोमचा जन्म १९६६ साली अमेरिकेत, नासासाठी विमानाच्या आसनांवर चाललेल्या कामातून झाला. त्यावर हात दाबून उचलला, तर पंजाचा ठसा क्षणभर तसाच राहतो. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो, खांदा आणि कंबर सामावून घेतो. कुशीवर झोपणाऱ्यांना हे सुखाचं. पण ती ऊब तो धरूनही ठेवतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट उकाड्यात, नुसत्या पंख्यावर भागवणाऱ्या घरात पाठ घामेजते. तिथे माझा कौल स्प्रिंगलाच, कारण तिच्या आत हवा खेळती राहते.

स्प्रिंगचेही प्रकार आहेत. बॉनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींत गुंफलेल्या. एकानं कूस बदलली की दुसऱ्याची झोप चाळवते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, म्हणून हालचाल तिथल्या तिथे जिरते. किंमत मात्र जास्त. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी फार मऊ फोम घेऊ नका. रुतणाऱ्या गादीतून उठताना त्यांचे हाल होतात.

दुकानात नुसतं बसून पाहू नका. चपला काढा, नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटं पडून राहा. पलंगाचं माप घरूनच घेऊन जा, आणि किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल, हे वॉरंटीच्या कागदावर वाचूनच पैसे द्या.