मोजपट्टी कोणाच्या मुलांची?

(जरीपटका, नागपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बालविकासाचे जे संशोधन केले, त्यातून १९७० साली ‘बडोदा प्रमाणके’ सिद्ध झाली. मूल मान केव्हा सावरते, आधाराविना केव्हा बसते, झाकलेली वस्तू केव्हा शोधते, याची अडीच वर्षे वयापर्यंतची ही मोजदाद. मूळ मापनपद्धती अमेरिकेतील नॅन्सी बेली यांची. ती जशीच्या तशी न उचलता आपल्या मुलांवर पारखून घेतली, हे या कामाचे खरे मोल. पुढे रूढ झालेल्या ‘डासी’ श्रेणीत कारक विकासाचे ६७ आणि बौद्धिक विकासाचे १६३ घटक आहेत.

परंतु प्रमाणक म्हणजे अखेर मोजलेल्या मुलांचा सर्वसाधारण क्रम. अर्धपोटी मुलांचा क्रम प्रमाण मानला, तर उपासमार हीच प्रकृती ठरते. सुस्थितांच्या मुलांचा मानला, तर मजुराच्या मुलाला ‘मंद’ म्हणून मोकळे होता येते. ही दुसरी सोय राज्यकर्त्यांना अधिक प्रिय. दोष मुलाच्याच पदरी पडतो ना!

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली या वादाला वेगळे वळण दिले. सहा देशांत, त्यांत दक्षिण दिल्लीही होती, पोषणाची आबाळ नसलेली मुले निवडून मोजली. लहान वयातील त्यांची उंची सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढते, असे दिसले. म्हणजे खुंटलेपण वंशात नसून परिस्थितीत आहे.

जमैकातील किंग्स्टनचा प्रयोगही लक्षात घ्यावा. वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जाई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. दोन वर्षे हे चालले. सुमारे वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, अशी भेट न लाभलेल्या खुंटलेल्या मुलांपेक्षा, २५ टक्क्यांनी अधिक आढळली. (मुलाचे संगोपन करावयास पुढील मिळकतीचा दाखला लागावा, ही अर्थशास्त्राची लाजिरवाणी बाजू.)

आपल्याकडे हे काम २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविकेच्या माथी आहे. तिला वेतन नाही, मानधन. तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. वजने, सर्वेक्षणे, मोबाइलवरील नोंदी, सारे तिच्याकडेच. जरीपटक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जाऊन एवढेच विचारावे: दिवसाचा किती वेळ नोंदी भरण्यात जातो, आणि मुलांशी खेळण्यात किती?